चिंचेचा कच्चा वास

तंजावरहून परत आल्यावर वरवट बकालच्या घरात मी पहिल्यांदा सांबार केलं ते मे १९९९ मध्ये. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, तरी डाळीचा दाणा बोटांत दाबला की मधे कणी लागायची. शेवटी सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "बोअरचं पानी घातलं काय वं? ह्या पान्यात डाय नाही शिजत."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमचा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून हा पट्टा गेला आहे. जमिनीखालचं पाणी खारट, क्षारांनी भरलेलं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याने मातीचे माठ पांढरे पडतात, आणि ते वर्षानुवर्षं प्यायलेल्या कित्येकांच्या किडन्या जातात. आमच्या तालुक्यात असं घरातलं माणूस गमावलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पण तीन वर्षं कावेरीच्या खोऱ्यात गोड्या पाण्यावर स्वयंपाक करून माझा हात ते विसरला होता.

माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली तंजावरला झाली आणि १९९६ मध्ये आम्ही अकोल्याहून नवजीवन एक्स्प्रेसने निघालो. चेन्नईला उतरून एग्मोरहून मीटरगेजच्या गाडीने तंजावर. राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर वरच्या मजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. सामान लावत होते तेव्हा घरमालकीणबाई जिना चढून आल्या आणि चक्क मराठीत विचारलं, "जेवण झालं का?" चाल तमिळ, ठेका तमिळ, शब्द मराठी. मला रडू आलं. त्या सत्तरीच्या होत्या. पहिल्या दिवसापासून मी त्यांना आजी म्हणू लागले.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५ पर्यंत राहिलं. त्या काळात गेलेली मराठी घरं आजही तिथेच आहेत. आजींच्या घरात सण मराठी, ताट केळीच्या पानाचं. रसमला त्या सार म्हणत, शेजारच्या तमिळ बाईशी बोलताना त्याचं रसम होई. पलीकडच्या तमिळ घरात कारल्याचं 'पिटलै' व्हायचं. तो शब्द आपल्या पिठल्याचा, असं आजी ठासून सांगत. वांग्याच्या आमटीला तिथे 'रसवांगी' म्हणतात, त्यात तर आपलं वांगं उघड दिसतं. पुरणपोळीची झाली आहे बोळी. आमच्याकडे उडदाच्या पापडाच्या पिठाला डांगर म्हणतात. आजींकडे उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिली की ती 'डांगर पचडी'. मी पहिल्यांदा खाल्ली आणि मला माझ्या आईचा पापड लाटायचा दिवस आठवला.

सांबार शिकवा म्हटलं तेव्हा आजींनी महिनाभर मला फक्त कांदे सोलायला दिले. बोराएवढे सांबारचे कांदे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. नंतर चिंच. एका वाटी तुरीच्या डाळीला लिंबाएवढी चिंच, गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळलेली. खड्याचा हिंग नारळाच्या करवंटीत पाण्यात विरघळत ठेवलेला. डाळ हळद आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब घालून शिजवायची आणि रवीने घोटायची. मसाला रोजचा रोज: दोन चमचे धणे, चमचाभर हरभऱ्याची डाळ, पाच सुक्या मिरच्या, चिमूटभर मेथी, शेवटी ओलं खोबरं, सगळं तिळाच्या तेलात वेगवेगळं भाजून पाट्यावर वाटलेलं. मेथी काळी पडली तर आजी सगळा मसाला बाजूला ठेवायला लावत. मी चार वेळा भाजला आहे.

पण खरी शाळा चिंचेची होती. शेवगा, कोहळा, कांदे चिंचेच्या पाण्यात हळद-मीठ घालून उकळायचे. आजी भांड्यावर वाकायच्या, हाताने वाफ नाकाकडे ओढायच्या आणि म्हणायच्या, "अजून पच्चै वासनै आहे." म्हणजे कच्चा वास. तो जाईपर्यंत डाळ घालायची नाही. मला कित्येक आठवडे काहीच कळलं नाही. मी वाकायचे, वाफ घ्यायचे, मला चिंच ती चिंचच लागायची. एके दिवशी आजी देवळात गेल्या होत्या आणि मी एकटीच चुलीपाशी होते. वाफेत ओल्या पोत्यासारखा, तुरट असा एक पदर मला लागला. तीन-चार मिनिटं मी हलले नाही. मग तो पदर गेला. उरला तो आंबटगोड, गोल वास. मी डाळ घातली. आजी आल्या, दारातच थांबल्या, नाक वर केलं आणि काहीही न बोलता पाय धुवायला गेल्या. ती माझी परीक्षा होती आणि मी उत्तीर्ण झाले होते.

साराची गोष्ट वेगळी. ते शुद्ध कथलाच्या भांड्यात करतात, त्याला 'ईयच्चोम्बु' म्हणतात. मऊ, रुपेरी, हाताला जड. त्यात साराला जी चव येते ती स्टीलमध्ये येत नाही. कथिल २३२ अंशांवर वितळतं, म्हणून आधी पाणी, मग आच. एका सकाळी घाईत मी रिकामं भांडं गॅसवर ठेवून मोहरी शोधायला वळले. परत पाहिलं तर बूड खाली ओघळलं होतं. ते भांडं आजींच्या सासूबाईंचं. मी रडत खाली गेले. आजींनी गार झालेला गोळा पदरात घेतला, वजन हातावर तोललं आणि म्हणाल्या, "कथिल कुठे जात नाही, पोरी." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भांड्यांच्या दुकानात गेलो. गोळा तराजूत घातला, वरचे पैसे मी दिले आणि तेवढ्याच वजनाचं नवं भांडं घेऊन आलो. त्या घरात त्यानंतर ते भांडं माझं म्हणून ओळखलं जायचं.

सांबार तंजावरच्या राजवाड्यात जन्मलं, संभाजीराजांवरून त्याला नाव पडलं, आमसूल संपलं म्हणून चिंच घातली, ही गोष्ट आजींनीही सांगितली. ती ऐकायला गोड आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते जे डोळ्यांनी पाहता येतं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे. आजींनी मला तिथे नेलं. वरवट बकालची मी, कावेरीच्या काठावर दगडावरची मराठी वाचत उभी होते. त्याच सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचा ग्रंथ, 'शरभेंद्र पाकशास्त्र', सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. राजाने आपल्या स्वयंपाकघराची नोंद ठेवावी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि एक गोष्ट मी स्वतः शोधली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तुरीच्या डाळीचं पोतं उघडं होतं. त्यावर मिलच्या शिक्क्यात गाव होतं: अकोला. मी दुकानदाराला बोट लावून दाखवलं, "आमच्याकडचं." तो हसला. कावेरीच्या त्या मुलखात भात निघाल्यावर ओलीवर उडीद-मूग पेरतात, तूर मात्र बाहेरून येते. आजींना मी सांगितलं की ही डाळ आमच्या शेतांतली असेल, कपाशीच्या ओळींमधून तूर उभी असते, मार्गशीर्षात पिवळी फुलं झडून शेंगा भरतात. त्या दिवसापासून डाळ निवडताना त्या म्हणत, "तुझ्या गावची डाळ चांगली आहे."

तर अशी मी शिकून आले आणि गावात माझी डाळ शिजेना. दुसऱ्या दिवशी नळाला गोडं पाणी आलं. दोन हंडे स्वयंपाकासाठी वेगळे झाकून ठेवले. डाळ चार शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. सांबारचे कांदे इथे मिळत नाहीत, म्हणून शेतातले बारके कांदे निवडून घेतले. शेवगा दारातला. कढीपत्ता शेजारून. सासूबाई जन्मभर रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण यांना जेवण मानणाऱ्या. त्यांनी भाकर कुस्करली, वर सांबार ओतलं, पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे तं आपलंच वरन हाय, चिंच जरा शिकून आलेली." इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

पुढे गल्लीतल्या बायका शिकायला यायला लागल्या. इडलीसाठी उकडा तांदूळ इथे मिळेना, म्हणून ज्वारी भिजवून केली, तीन वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. उडीद आधी एकटा वाटायचा, थेंब पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे. तंजावरला पीठ रात्रभर ठेवायचो. वैशाखात इथे पाच तासांत भांड्याबाहेर येतं. चिकटपणा नसेल तर इडली फुटते, ज्वारी जुनी असेल तर कडसर लागते, हे आम्ही करून करून शिकलो. आता शेगावच्या रस्त्यावर टपरीटपरीत इडली-सांबार मिळतं. त्यातलं बरंचसं सांबार पाकिटातल्या मसाल्याचं लाल पाणी असतं, डाळ शोधावी लागते. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्या तालुक्यात तूर पिकते तिथल्या पोरांना सांबार म्हणजे मसाला वाटतो. सांबार म्हणजे तूर. मसाला सगळ्यांत शेवटी येतो.

आजी २००८ मध्ये गेल्या. त्यांच्या सुनेने मला ईयच्चोम्बु पाठवलं, तेच, मी वितळवलेल्याच्या बदल्यात आणलेलं. दर गुरुवारी त्यात सार होतं.

तुम्ही करणार असाल तर आधी पाणी चाखा. खारट लागलं तर त्यात डाळ घालू नका, नळाच्या पाण्याची वाट पाहा. मग चिंच उकळत ठेवा आणि भांड्यापासून हलू नका.