रदाँचीं फुलें आणि मुलांचे रंगीत खडू

पॅरिस शहरीं सीन नदीच्या डाव्या तीरावर ओर्से नांवाचें प्रचंड संग्रहालय आहे. ही वास्तु मूळची रेल्वे स्टेशनाची. 1900 सालीं गाड्यांसाठीं उघडलेली व 1986 सालीं चित्रांच्या स्वाधीन झालेली. चिरंजिवांचा मुक्काम सध्यां त्या शहरीं असल्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत माझें तेथें जाणें झालें, व सात वर्षांच्या नातीचें बोट धरून मीं तें पाहिलें.

येथील खडूचित्रें मंद उजेडांत व आळीपाळीनें मांडतात. प्रखर प्रकाशानें त्यांचे रंग विटतात. शिवाय खडू म्हणजे रंगाची पूड व किंचित् डिंक. ती पूड कागदाच्या खरखरीत अंगावर नुसती टेकलेली असते, धक्क्यानेंही झडते. आम्ही गेलों त्या दिवशीं तेथें ओदिलाँ रदाँ (1840–1916) ह्या चित्रकाराचीं फुलें होतीं.

रदाँची हकीकत शिक्षकांनीं ध्यानांत ठेवावी अशी आहे. पन्नाशीपर्यंत ह्या गृहस्थानें मुख्यत्वें कोळशानें व शिळाछापानें काळींच चित्रें केलीं. रंगांकडे तो वळला तो त्यानंतर. 1901 सालचा त्याचा ‘मोठा पुष्पगुच्छ’ एका उमरावाच्या भोजनगृहासाठीं केलेला, सुमारें अडीच मीटर उंच आणि सारा खडूचा आहे. परंतु फूल पाहावयास तो फार आधीं शिकला होता. आर्माँ क्लाव्हो नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें बोर्दो येथें त्याला तरुणपणींच सूक्ष्मदर्शकांतून वनस्पतींचें अंतरंग दाखविलें होतें. रेषा कशी ओढावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. पाहावें कसें हें शिकविणारा विरळा.

आमच्या नातीस तसा कोणी भेटला नव्हता. तिच्या पूर्वीच्या शाळेंत छापील फुलाच्या आंत रंग भरावयाचा, आणि रेषेबाहेर रंग गेला कीं तांबड्या शाईची खूण व्हावयाची. परिणाम असा कीं, मुलगी खडूपेक्षां खोडरबरच अधिक चालवूं लागली, व पुढें पुढें ‘मला चित्र येत नाहीं’ म्हणून वही मिटून ठेवूं लागली. सातव्या वर्षीं मुलानें असें म्हणावें, ह्याची काळजी मला तापाहून कमी वाटली नाहीं.

रदाँच्या एका फुलपात्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, ह्या फुलाची कड कोठें आहे?”

कड नव्हतीच! पाकळीचा रंग मागच्या धुक्यांत विरून गेला होता. फुलपात्र कशावर ठेविलें आहे, तेंसुद्धां चित्रकारानें दाखविलें नव्हतें.

“मग ह्यांच्या बाईंनीं लाल खूण केली नाहीं?”

घरीं आल्यावर त्या चित्राची प्रत मीं तिच्यापुढें ठेविली नाहीं. थोर चित्रकाराचें पाहणें घ्यावें, त्याचें फूल घेऊं नये. एक गुलाब आणून पाण्यांत ठेविला. (आपल्याकडे जास्वंद किंवा झेंडू ह्या कामीं उत्तम.) प्रथम पांच मिनिटें नुसतें पाहावयाचें: सर्वांत गडद कोठें, सर्वांत उजळ कोठें, आणि तांबडा किती तऱ्हांचा. पेन्सिल व खोडरबर कपाटांत. कागद करडा घेतला, कारण पांढऱ्यावर फिकट रंग उठत नाहीं. खडूवरचें वेष्टन सोलून, तुकडा आडवा धरून आधीं रंगाचा पुंजका. मग तो बोटानें फांसावयाचा. टोकाच्या दोनचार रेघा अगदीं शेवटीं.

कोरड्या खडूची धूळ लहानांस बरी नव्हे, म्हणून तैलखडू द्यावे. ते 1925 सालीं जपानांत ‘क्रे-पास’ ह्या नांवानें निघाले. त्यामागें कानाए यामामोतो ह्या चित्रकाराचा हात होता. पॅरिसांत राहून गेलेल्या ह्या गृहस्थानें, मुलांनीं पुस्तकांतले नमुने न उतरवितां स्वतः पाहिलेलें काढावें, अशी चळवळ 1919 पासून मांडली होती. कित्ता गिरविणें अक्षरांस योग्य, फुलास नव्हे.

नातीचा पहिला गुलाब कोबीच्या गड्ड्यासारखा झाला. चिरंजीव तसें बोलणार, तोंच मीं त्यास डोळ्यांनीं दटाविलें. तिनें दुसरा कागद मागितला, मग तिसरा. तैलखडू पुरता कधींच वाळत नाहीं, म्हणून चित्रें रचतांना मध्यें पातळ गुळगुळीत कागद घालावा लागतो. त्या आठवड्यांत सूनबाईंच्या स्वयंपाकघरांतील बटर-पेपरची अर्धी गुंडाळी संपली.