शालभंजिकेचे गोंदण

ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास येणारे पुष्कळजण पायथ्याच्या गुजरी महालाला दुरूनच नमस्कार करतात. राजा मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधविलेल्या या वास्तूत संस्थानी काळी गर्दे यांच्या खटपटीने संग्रहालय उभे राहिले. ग्यारसपूरची, दहाव्या शतकाच्या सुमाराची शालभंजिका तेथेच आहे.

यंदा तिच्यापुढे दोन तास उभे राहण्याचा योग आला, तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो गोंदणाचा व्यवसाय करतो. एका तरुणीच्या सबंध पाठीवर ही मूर्ती उतरवावयाची होती.

आपल्या आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन रेषा आणि ठिपके यांचे असे. ही रीत निराळी. शाई एकच, काळी. पाणी घालून तिच्या फिक्या छटा करावयाच्या आणि उजेडासाठी कातडी कोरी सोडावयाची. म्हणून त्याने प्रथम प्रकाशाची दिशा ठरविली. अलंकारांची निम्मी नक्षी गाळली. शाई कालांतराने कातडीत पसरते, आणि दाट रेषांचा डाग होतो. मला वाईट वाटले, पण पटले. त्रिभंगाचा बाक मात्र त्याने कण्याच्या सरळ रेषेला चिकटू दिला नाही.

वाद हातांवरून झाला. शालवृक्षाची फांदी मोडते ती शालभंजिका. येथे हात नाहीत, फांदी नाही, गुडघ्यांखालचे पायही नाहीत. जिच्यावरून नाव पडले ती कृतीच दगडातून गळाली आहे! तरुणीला हात पुरे हवे होते.

"सर, सांचीच्या तोरणावरची पाहून जोडता येतील," तो म्हणाला.

"सांचीची हिच्याहून सुमारे हजार वर्षांनी वडील," मी म्हणालो. "तिचा हात इच्या खांद्याला शोभेल काय?"

त्याने दोन्ही आराखडे काढले व पाठीवर उमटवून आरशात दाखविले. तिने स्वतःचा हात वर केला, तेव्हा खांद्याच्या हाडाबरोबर जोडलेला हात वेडावाकडा झाला. भग्न खांदा जागच्या जागी राहिला. तिने भग्नच पत्करला. तुटलेली कड खडबडीत दिसावी म्हणून त्याने तेवढ्याचसाठी पुन्हा संग्रहालयात जाऊन रेखाटने केली. आठ बैठका ठरल्या आहेत. कातडी भरून यावी म्हणून मध्ये काही आठवडे जातात. पहिल्या दोन झाल्या. अजून मुखावरचे स्मित बाकी आहे, आणि त्याची त्याला धास्ती वाटते.