‘जरा बघू’

चि. बंडूस,


काल फोनवर म्हणालास, “आत्या, नव्या करप्रणालीत ऐंशी-जीची सवलत मिळत नाही, मग यंदा देणगीचं जरा बघू.” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला खरा, पण ते ‘जरा बघू’ रात्रभर डोक्यातून जाईना. आपल्या घरात हा शब्द फक्त नवीन कपड्यांच्या बाबतीत ऐकला होता.

तीस वर्षं बँकेत काढली, म्हणून आधी हिशेब. दहा हजार दिलेस तर बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्मेच उत्पन्नातून वजा व्हायचे. तू तीस टक्क्यांतला, म्हणजे कर वाचायचा दीडेक हजार. बाकीचे साडेआठ तेव्हाही तुझ्याच खिशातून जात होते ना? मग दीडासाठी दहा अडवायचे, हे कुठलं गणित? शाळेत तर बरे मार्क होते तुला.

वर विचारतोस, लोक साधारण किती टक्के देतात! लोकांचं काय घेऊन बसलास? मोठ्या कंपन्यांना कायद्यानं दोन टक्के द्यावे लागतात, तेही नफ्यातले. शिखांचा दसवंध म्हणजे दहावा हिस्सा. वाड्यातल्या चाची जकात काढायच्या ती अडीच टक्के, पण मिळकतीवर नव्हे, वर्षभर साठून राहिलेल्या पैशावर आणि सोन्यावर. रमजानात बांगड्या तोलायला सोनाराकडे जायच्या, तुला बोट धरून नेलंय त्यांनी. आणि अंताजीपंत काळे पैसा फंडासाठी दारोदार मागत फिरले, ते माणशी वर्षाला एक पैसा. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

तेव्हा टक्का तुझा तू ठरव. मात्र पगार झाला की त्याच दिवशी बाजूला काढ, महिनाअखेरीस कुणाकडेच काही उरत नाही. आणि बंडू, इमारतीला देऊ नकोस रे! खोली बांधून द्यायला माणसं मिळतात, भिंतीवर नाव लागतं. स्वयंपाकीणबाईंच्या पगाराला कुणी मिळत नाही. एका वसतिगृहात पाहिलं, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव आणि विजेचं बिल चार महिने थकलेलं. भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं ते बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी. साताऱ्यात वाढलास, हे तुला मी सांगायचं?

असो. रागाच्या भरात लिहिलं, आता वाचून पाहते तर राग तुझ्यावर नाहीच. गणपतीत आलास तेव्हा आरतीच्या ताटात टाकायला पाकीट उघडलंस, आत पाहिलंस आणि पुन्हा मिटलंस. मी देव्हाऱ्याजवळच होते. फ्लॅटचा हप्ता किती बसलाय? सूनबाईंची नोकरी चालू आहे ना? ओढाताण असेल तर सरळ सांगावं, इन्कमटॅक्सला कशाला पुढे करायचं? कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीजेची देणगी मी दरवर्षी गोळा करते, तुझी या वर्षीची मी भरून टाकली आहे. पावती सोबत आहे. ते पैसे परत पाठवू नकोस.

हप्त्याचा आकडा मात्र कळव. फोनवर नको, तुझ्या बाबांच्या कानावर जाईल. पत्रानं कळव.

तुझी,
आत्या