फिल्टर कुठंय?

रविवार. मामांची जुनी कास्ट आयर्न बुलेट आज अंगणात उघडून बसलो. ऑइल फिल्टर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो इंजिनाला बाहेरून चिकटलेला डबा, पट्टा लावून पिळून काढायचा. इथे तसलं काहीच नाही. दोन्ही बाजूंनी कितीही वाका, डबा दिसत नाही. तो उजवीकडच्या टायमिंग कव्हरच्या पोटात लपलाय: एक झाकण, आत स्प्रिंग आणि लांबोळका फेल्टचा तुकडा.

तिथेच का, तर तेलाचे दोन्ही पंप त्याच कव्हरात आहेत म्हणून. एक पंप तेल फिल्टरमधून क्रँकच्या बिग एंडकडे ढकलतो, दुसरा खाली साचलेलं उपसून परत फिरवतो. तेलाची टाकीही वेगळी नाही, क्रँककेसमध्येच कप्पा. 1948 सालचा हा इंग्लंडचा आराखडा, 1955 पासून मद्रासला गाडी बनू लागली तरी मूळ मांडणी तीच राहिली. मला ती आवडते, जरा जुनाट असली तरी.

फिल्टर बदलल्यावर त्याचा कप्पा तेलाने भरून मगच झाकण लावायचं. रिकामा ठेवला तर पंप आधी तोच भरत बसतो, आणि तेवढा वेळ बिग एंड कोरडं. मॅन्युअल वाचायचा कंटाळा असणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मामांनी जुनं काळं तेल बरणीत भरून घेतलंय. म्हणाले, "फाटकाच्या बिजागऱ्यांना लावू."