दिवेलागणीनंतरचा केर

दिवेलागणी झाल्यावर घरातला केर बाहेर टाकू नये, असा आमच्या घरी दंडक असे. केराबरोबर लक्ष्मी जाते, हे त्याचे आजीने सांगितलेले कारण. खरे कारण, मला वाटते, अंधुक उजेडात एखादी मोत्याची बाळी उकिरड्यावर जाईल, हे असावे. हा दंडक मी अलीकडे रोज मोडतो. संगणक मिटण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटने एकदम दाबावयाची, समोर उघडणाऱ्या चौकटीत कुकीज व तात्पुरत्या फायली यांच्यापुढे खूण करावयाची, आणि दिवसभराचा केर काढून टाकावयाचा, ही माझी सायंसंध्याच होऊन बसली आहे.

यांतील तात्पुरत्या फायली गरीब बिचाऱ्या. एकदा पाहिलेले चित्र पुन्हा आणण्याचा खटाटोप वाचावा म्हणून ब्राउझर त्याची नक्कल जवळ ठेवतो, एवढेच. कुकीचे प्रकरण मात्र जरा निराळे आहे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ही युक्ती काढली. संकेतस्थळाला मुळात स्मरणशक्ती नसते. आता एक पान मागणारा आणि क्षणापूर्वी दुसरे मागणारा एकच की दोघे, हे त्यास कळत नाही. तेव्हा त्याने आपल्याच संगणकावर एक चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या खेपेस ब्राउझरने ती त्यास दाखवावी, अशी ही योजना. शहापूरच्या पेठेतला जुना वाणी गिऱ्हाईक ओट्यावर चढताच कोणता तांदूळ काढावयाचा हे जाणत असे. त्याची कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. परंतु त्या दुकानाच्या कोपऱ्यात एक तिऱ्हाईत गृहस्थ वही घेऊन बसलेला असावा, तोच पुढे कापडवाल्याकडे, तोच वैद्याकडे दिसावा, आणि रात्री त्याने साऱ्या वह्या एकत्र कराव्यात, म्हणजे मग गोष्ट वेगळी होते. अशा तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्या आपण होऊन स्वीकारू नयेत, असे १९९७ च्या नियमावलीतच सुचविलेले होते. मोठ्या ब्राउझरांनी तिकडे काणाडोळा केला. ॲपलच्या सफारीने २०२० साली त्या सरसकट बंद केल्या. गूगलने तसेच करण्याचे वचन दिले आणि २०२४ साली ते परत घेतले.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे ओलांडले की नाणेघाटाची वाट फुटते. वर खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाटाची जकात त्यात टाकीत, अशी समजूत आहे. त्या रांजणात एक मोठा गुण होता. नाणे आत पडले की ते कोणाचे, हे त्याला सांगता येत नसे. जवळच्या गुहेत राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञांचे आणि दक्षिणेचे आकडे आहेत. म्हणजे भिंतीवर हिशेब मांडला गेला तो राजघराण्याचा, वाटसरूचा नव्हे! आजची जकात पैशात नसते, आणि ती घेणारा वाटसरूचे नाव विसरत नाही.

हे सारे झाले ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांच्याविषयी. तालुक्याच्या गावी बहुतेकांचा संगणक दुसऱ्याचा असतो. तहसील कचेरीच्या आसपास जी छोटी सेवा केंद्रे असतात, त्यांतील एकात मी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी बसलो होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या एका मुलाने पत्त्याच्या चौकटीत आरंभीचे एक अक्षर टंकले, तोच खाली सात-आठ परक्या माणसांचे ई-मेल पत्ते ओघळले. डाउनलोडच्या कप्प्यात तर आधार कार्डांची रास होती. येथे माझी तीन बटने अपुरी पडतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कुकीज पुसल्या तरी उतरवून घेतलेल्या फायली जागच्या हलत नाहीत; जतन केलेले संकेतशब्द आणि भरलेले पत्ते यांच्यापुढे निराळी खूण करावी लागते; आणि जे एकदा पलीकडच्या यंत्रात पोहोचले ते आपल्या झाडूच्या टप्प्याबाहेर गेले. गुप्त खिडकी उघडून काम केले तरी उतरवलेली फाईल मागे राहतेच. सार्वजनिक संगणकावर आधार उतरवू नये, उतरवल्यास प्रती कायमच्या पुसाव्यात, असे एक सरकारी पत्रक २०२२ च्या मे महिन्यात निघाले होते; गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेतले गेले. सल्ला मात्र शहाणपणाचा होता.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमुखाने सांगितले. २०२३ साली त्यासाठी कायदाही झाला. मी दुकानदाराला, तो मनाने भला माणूस आहे म्हणून, म्हटले, "अहो, रोज रात्री ही रास पुसून का टाकीत नाही?"

"पुसतो की सर," तो म्हणाला, "पण मग उद्या ही माणसे आली की काय करू?"

बाकावर एक कातकरी बाई मूल घेऊन बसली होती. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर जावयाचे, पावसाळ्याच्या तोंडाशी परतावयाचे. कागद कधी भिजतात, कधी हरवतात. जातीच्या दाखल्यासाठी तिला आधारची प्रत हवी होती आणि ती तिच्यापाशी नव्हती. माझ्या डोक्यातील नऊ न्यायाधीश या क्षणी काही बोलेनात. दुकानदाराने तिला तिचे नाव व पाड्याचे नाव विचारले, गेल्या वर्षीचा कप्पा उघडला, आणि अर्ध्या मिनिटात छापयंत्रातून तिचा कागद बाहेर आला. तिने तो घडी करून पदराच्या गाठीत बांधला, आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.