काय सोडून द्यायचं

कॉलेजं सुरू झाली की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत इलेक्ट्रॉनिक्सची मुलं एकाच पेचात दिसतात : लोकल ऑथर घ्यावा की फॉरेन? लोकल पुस्तक सिलॅबसच्या क्रमानं जातं, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून देतं. जालना-बीडकडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिला आधार त्याचाच. त्याला कमी लेखू नये. पण ॲनालॉग आयसी शिकायच्या तर पुस्तकाकडून मला आणखी काही हवं असतं. ट्रान्झिस्टरची सगळी समीकरणं मांडत बसलं तर वही संपेल, सर्किट कळणार नाही. काय मोजायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं, हा विवेकच या विषयाचा गाभा.

७४१ घ्या. लॅबमधला हा ओळखीचा ऑप-ॲम्प १९६८ साली फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलगर यांनी रचला. आधीच्या ७०९ला स्थिर ठेवायला बाहेरून कपॅसिटर जोडावे लागत. फुलगर यांनी ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपमध्येच बसवला. तो भरायला पहिल्या टप्प्याकडून जेमतेम १९ मायक्रोअँपिअर मिळतात. आपल्या पाणचक्कीचा हौद किती वेगानं भरणार हे जसं डोंगराकडून येणारी नहर ठरवते, तसंच हे. १९ला ३०नं भागा : आउटपुट बदलण्याचा कमाल वेग ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. डेटाशीट सांगतं ०.५. बाकीच्या साऱ्या ट्रान्झिस्टरांकडे पाठ फिरवूनही एका भागाकारात इतकं जवळ पोचता येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रमाकांत गायकवाड यांचं ऑप-ॲम्पवरचं पुस्तक चिप वापरायला शिकवतं. ग्रे आणि मेयर यांचं, १९७७ साली पहिल्यांदा आलेलं, ती उघडून दाखवतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ७४१ची सविस्तर चिरफाड आहे. सीमॉस डिझाइनकडे वळायचं असेल तर रझावी यांचं पुस्तक. लायब्ररीत ही शेजारी शेजारी ठेवावीत, तिन्हींत डिफरन्शियल ॲम्प्लिफायर काढावा आणि एवढंच पाहावं : समीकरणातलं एखादं पद गाळताना लेखक कारण सांगतो का? ते गाळणं कुठवर चालेल, हेही सांगतो का? जो सांगतो आणि ज्याचं सांगणं आपल्याला कळतं, त्याचंच पुस्तक विकत घ्यावं, आणि कागद-पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहावं. सिम्युलेटर आकडा क्षणात देतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवण्याची ताकद या हातानं केलेल्या गणितांतूनच येते.