रकान्याबाहेरची कैफियत

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझे चित्त ढळले, सासरच्या वडीलधाऱ्यांनी प्रथम मेहंदीपूरच्या बालाजीस अर्जी लावून पाहिली, आणि तेथे गुण येईना म्हणून मला जयपुरातील एका रुग्णालयात दाखल केले, तेव्हा माझ्या आजाराची जी हकिकत लिहिली गेली तीत माहिती देणारे म्हणून यजमानांचे नाव होते व त्यापुढे, त्या शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे, 'माहिती विश्वसनीय व पुरेशी' असा शेरा होता. यजमान सज्जन गृहस्थ. त्यांनी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. परंतु तान्ह्या मुलासह मी सासूबाईंच्या खोलीत निजत असता माझी निद्रा केव्हापासून नाहीशी झाली होती, हे त्यांस कळावे तरी कसे? त्याच कागदावर 'रुग्ण दृष्टीस दृष्टी देत नाही' अशीही नोंद होती. याचे कारण आमच्या घरच्या चालीत होते. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय. त्यांच्याइतके जुने नसले तरी आमचे सासरचे घराणेही जयपूरच्या ब्रह्मपुरीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले, आणि घरात मराठी बोलत असतानाही घूंघटाची चाल पुरती अंगीकारलेले. शेजारी मामंजी उभे असता परपुरुषाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारी सून त्या घरात खरोखरच वेडी ठरली असती.

पुढे प्रकृती सावरल्यावर औषधांच्या निमित्ताने बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसणे नित्याचे झाले, आणि राजस्थानात 2011 पासून सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत मिळू लागल्यामुळे पुरुषमंडळी खिडकीपुढील रांगेत अडकली की त्या बाकावर निराळीच मसलत सुरू होई. दौशाकडील एक प्रौढ बाई एकदा म्हणाली, "बाईसा, पहल्यां नींद जावै छै, मन तो पाछै जावै छै." उन्मादाची लाट येण्यापूर्वी निद्रा नाहीशी होते, हे ग्रंथांतरीही सांगितलेले आहे, पण ही बाई झोप उडाल्याच्या दुसऱ्या रात्रीच मुलांना जावेकडे पोचवी आणि दागिने सासूच्या हवाली करी. एवढी तजवीज कोणत्याही ग्रंथात मला आढळली नाही.

माझ्या स्वतःच्या ज्ञानाचा उगम लिथियममध्ये आहे. हे औषध क्षाराच्या जातीचे. शरीरातील पाणी व मीठ घटले की मूत्रपिंडे ते बाहेर टाकीनाशी होतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण विषाच्या पातळीकडे सरकू लागते. पाणी भरपूर प्यावे, असे मला बजावण्यात आले होते. परंतु ज्येष्ठातील निर्जला एकादशी, जयपूरचा तो भट्टीसारखा उन्हाळा आणि पाण्याचा थेंबही न घेता रात्रीपर्यंत स्वयंपाकघरात राबणारी सून, या तिन्हींचा विचार ती सूचना देणाऱ्याच्या मनाला शिवला नसावा. माझे हात कापू लागले, लाटणे धरवेना, ओकाऱ्या झाल्या, जीभ जड झाली. घरातल्यांनी तर्क केला की जुने दुखणे उलटले, आणि आणखी एक गोळी द्यावी की काय, असा विचार चालू असता माझ्या नणंदेने हट्टाने रक्ततपासणी करविली म्हणून मी आज हे लिहीत आहे. तेव्हापासून बाकावर नवी बाई आली की मी तिला प्रथम विचारते, "व्रत कौनसा रखती हो?" करवा चौथ, तीज, निर्जला, कुणाचा एखादा बोललेला नवस, हे सारे तिच्या तोंडून निघते, डॉक्टरांपुढे ते निघत नाही, कारण तिच्या लेखी उपवास हा धर्माचा विषय आहे, औषधाचा नव्हे. तीच गोष्ट विटाळाची. काही औषधांनी पाळी थांबते, क्वचित स्तनांतून दूधही येते. नवरा परगावी नोकरीस असलेल्या स्त्रीवर त्यामुळे कोणते किटाळ येते, आणि मग ती गोळ्या गुपचूप मोरीत का टाकते, हे सासूच्या देखत ती कोणास सांगणार?

आजार भोगणारीचे ज्ञानही उपचार करणाऱ्यांनी ऐकावे, हा विचार माझा एकटीचा नाही. स्वतःच्या मातेला मनोरुग्णालयात काढावे लागलेले दिवस बालपणी पाहिलेल्या भार्गवी दावर यांनी 1999 मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, पुण्यात बापू ट्रस्ट ही संस्था उभारली, आणि 2024 मध्ये निधन होईपर्यंत, जिने भोगले तिला मसलतीत स्थान द्या, हा आग्रह सोडला नाही. राजस्थानलाही ही रीत परकी नाही. येथील 75 ग्रामीण स्त्रियांनी आपल्या देहाविषयीचे पुस्तक स्वतः रचले आणि 1989 मध्ये दिल्लीच्या काली फॉर विमेनने ते 'शरीर की जानकारी' या नावाने छापले. गावात उघडी बाई कधी दिसते काय, असा आक्षेप निघाल्यावर त्यांनी चित्रातील स्त्रीला उचलता येईल असा कागदी घागरा नेसविला. वैद्यकाच्या कोणत्या चित्रकारास हे सुचले असते?

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला, आणि आपला प्रतिनिधी आपण नेमण्याचाही. मी नणंदेचे नाव लिहिले. यजमान काही दिवस रुसले. त्याच कायद्यान्वये जिल्ह्यांसाठी जी पुनर्विलोकन मंडळे व्हावयाची त्यांतही दोन जागा अशा आहेत की जेथे आजार भोगलेली व्यक्ती बसू शकते. मात्र त्याच जागांवर शुश्रूषा करणारे नातेवाईक वा संस्थांचे प्रतिनिधी यांचीही नेमणूक चालते, म्हणजे माहिती देणारे यजमान येथेही खुर्चीवर येऊन बसू शकतात. सभासंमेलनांतही याहून निराळे घडत नाही. एका परिसंवादात मला 'अनुभव' सांगण्यास पाचारण केले, सभागृहाचे डोळे पाणावले, शाल व श्रीफळ देऊन मला निरोप मिळाला, आणि मग मानधन घेणाऱ्या तज्ज्ञांची खरी चर्चा दार लावून सुरू झाली. लिथियम आणि निर्जलेविषयीचे माझे टिपण शालीखालीच राहिले.

ते टिपण पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मागून घेतले. त्या आता सोबतच्या पुरुषास प्रथम औषधांच्या खिडकीकडे धाडतात, सासूबाईंस बाहेर बसवितात आणि मग व्रताचे व पाळीचे विचारतात. आणखी काय विचारावे, याची यादी त्यांनी आमच्याकडे मागितली असून बाकावरच्या आम्ही बायका ती करीत आहोत. दौशाच्या बाईचे म्हणणे, पहिला प्रश्न झोपेचा असावा. माझे म्हणणे, व्रताचा. आणि कोपऱ्यात बसणारी एक विधवा बजावते की आधी हे विचारा, बाईला परत न्यायला घरून कोणी येणार आहे की नाही. या मुद्द्यावर अद्याप आमचे एकमत झालेले नाही.